सीडीएससीओची नापास औषधांची यादी: एका मेडिकलवाल्याचा रिव्ह्यू
माझं सावनेरला मेडिकल आहे, नागपूर-छिंदवाडा रोडवर. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं किडनी फेल होऊन नागपूरला आणत होते, कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप पिऊन, आणि वीसच्या वर लेकरं गेली. तामिळनाडूच्या तपासणीत त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, चालतं फक्त 0.1 टक्क्यापर्यंत. तेव्हापासून सीडीएससीओची, म्हणजे केंद्राच्या औषध नियामकाची दर महिन्याची यादी मी न चुकता बघतो.

आधी चांगलं सांगतो. यादी फुकट आहे, वेबसाइटवर कोणालाही दिसते, औषधाचं नाव, बॅच, कंपनी, एक्सपायरी, आणि कशात नापास तेही, कुठे गोळी नीट विरघळत नाही तर कुठे औषधच कमी भरलेलं. केंद्राच्या लॅबची वेगळी, राज्यांची वेगळी. एकदा एका अँटिबायोटिकची नापास बॅच माझ्याच रॅकवर सापडली, तीन स्ट्रिप शिल्लक, सात विकून झालेल्या. बिलबुक काढून ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन लावले तर एक आजी म्हणाल्या, अरे बाबा, माझा कोर्स तर कधीच संपला. होलसेलरला विचारलं तर त्याला पत्ताच नव्हता. त्या रात्री मला झोप नाही लागली.

इथेच घोडं अडतं. सॅम्पल घेणार, तपासणार, मग यादी येणार, तोवर बराच माल लोकांच्या पोटात गेलेला असतो. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, त्यात बॅच आणि लायसन्स नंबर असतो, मग स्कॅन केल्यावर ही बॅच नापास आहे एवढं दाखवायला काय हरकत आहे, आजींचा नातू पण बघेल ना.

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे नापास बॅचचा किती माल परत आला याचा कॉलमच नाही. कारखान्याचं लायसन्स राज्य देतं, यादी केंद्र काढतं, आणि कोल्ड्रिफच्या कंपनीचं लायसन्स रद्द झालं ते लेकरं गेल्यावर. संसदेच्या आरोग्य समितीने 2012 ला 59व्या अहवालात सीडीएससीओची खरडपट्टी काढली होती, तुमच्या ध्येयात औषध उद्योगाच्या गरजा आधी कशा असंही विचारलं होतं. अशी झाडाझडती दरवर्षी व्हायला पाहिजे, राज्यवार, किती सॅम्पल घेतले, किती नापास, किती माल परत आला, किती जणांवर केस झाली, सगळं लोकांसमोर.

5 पैकी 3 स्टार, तेही यादी निदान बाहेर येते म्हणून. घेणाऱ्यांनी बिल जपून ठेवा, त्यावर बॅच नंबर असतो. आणि मेडिकलवाल्या भावांनो, सुट्या गोळ्या कापून देताना बॅच छापलेली बाजू शेवटपर्यंत राहू द्या.