रखवालदाराने सांगितले होते

माझ्या कार्यालयात माझे काम इतरांची प्रवासबिले तपासण्याचे आहे. टॅक्सीच्या पावतीवरील तारीख आणि हॉटेलच्या बिलावरील तारीख जुळत नसेल तर मी ती कागदपत्रे परत पाठवते, आणि त्याबद्दल अनेक सहकाऱ्यांचा रोषही ओढवून घेतलेला आहे. त्याच मी साडेचार वर्षांच्या मुलीच्या उन्हाळी शिबिरासाठी ₹१२,६५० अशा माणसांच्या हवाली केले, ज्यांचा पत्ता आज ना माझ्याकडे आहे, ना पोलिसांकडे. हे लिहिण्यास चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. आता लिहिण्याचे एक तातडीचे कारण घडले आहे, ते शेवटी सांगते.

लहान मुलांचे पालक उन्हाळ्यात कोणत्या पेचात असतात, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मला मूर्ख म्हणण्याची घाई करू नये. बालवाडी एप्रिलच्या मध्यावर बंद होते आणि जूनच्या मध्यावर उघडते, कार्यालय मात्र उघडेच राहते. एरवी मुलीला सासूबाई सांभाळतात, परंतु त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मे महिन्यात करायची ठरली होती. अशा वेळी "जंगल आठवडा, समुद्र आठवडा, अवकाश आठवडा" अशी तीन आठवड्यांची आखणी, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते १२, तीन ते सहा वयोगट, दर आठ मुलांमागे एक ताई, माती, रंग, कागदाचे मासे, पुठ्ठ्याचे अवकाशयान, आणि ठिकाण पुण्यातील डीपी रस्त्यावरील एक प्रशस्त लॉन, अशी जाहिरात समोर आली. ५ मे ते २३ मे २०२५. कोणतीही आई थांबून वाचेल अशीच ती लिहिलेली होती, आणि वाचून थांबणार नाही याचीही तजवीज तीत होती: पहिल्या चाळीस मुलांनाच प्रवेश, आणि गुढीपाडव्यापर्यंत नोंदणी केल्यास ₹११,००० ऐवजी ₹८,५००.

रकमा आणि तारखा अशा आहेत. २७ मार्चला नोंदणी शुल्क ₹५००. ३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी, गुढी उभारून झाल्यावर, मुख्य शुल्क ₹८,५००. १२ एप्रिलला टी-शर्ट, टोपी आणि चित्रकलेच्या साहित्याचे ₹१,२५०. ३० एप्रिलला व्हॅनचे ₹२,४००. चारही वेळा क्यूआर कोड आला, आणि चारपैकी एकदाही पैसे शिबिराच्या नावाने गेले नाहीत. दोनदा एका बाईंचे व्यक्तिगत नाव दिसले आणि दोनदा मोबाइलच्या दुकानासारखे वाटणारे एक नाव. मी विचारले. उत्तर आले की संस्थेचे खाते वर्षअखेरीच्या हिशेबामुळे अडकले आहे, तोवर हिशेबनीस ताईंच्या खात्यावर घेत आहोत. मार्चअखेर बँकांत काय गोंधळ असतो ते मला चांगले माहीत आहे, म्हणूनच ते मला पटले. १२ एप्रिलला मार्च संपून बारा दिवस झाले होते, हे मात्र मी मोजले नाही. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर जे नाव उमटते ते बँकेत नोंदलेले नाव असते. तिथे जाहिरातीतील नाव नसेल तर बोट मागे घ्यावे, मग सांगितलेले कारण कितीही गोड असो.

दोन ओळखीच्या घरांना जोडल्यास प्रत्येकी ₹५०० परत, अशीही योजना होती. आमच्याच सोसायटीतील दोन आयांना मी सांगितले. त्यांनी माझ्या भरवशावर पैसे भरले, आणि ६ एप्रिलला माझ्या खात्यात ₹१,००० जमा झाले. हे हजार रुपये पुढे मला किती महाग पडले ते यथावकाश येईलच.

आता ३० एप्रिल. अक्षय्य तृतीया. त्या संध्याकाळी साडेसहाला लॉनच्या फाटकासमोर टी-शर्ट वाटप होते. एका पांढऱ्या मोटारीची डिकी उघडी होती, तीत पिवळ्या टी-शर्टांचे गठ्ठे होते, आणि दोन हसतमुख तरुणी वहीत मुलांच्या नावापुढे खूण करून टी-शर्ट देत होत्या. फाटकाच्या आत लग्न होते. झेंडूच्या माळा, केटररचा टेम्पो, विहिणींच्या पैठण्या, सगळे बाहेरून दिसत होते. मी म्हटले, आतली जागा पाहू द्या, लहान मुलांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायचे आहे. त्यांनी म्हटले, आज कार्य आहे ना, सोमवारी अर्धा तास आधी या, सगळे दाखवू.

फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर रखवालदार बसले होते. साठीचे असावेत. माझी मुलगी त्यांच्या शिट्टीकडे टक लावून बघत होती म्हणून मी तिकडे गेले आणि सहज म्हटले, सोमवारपासून ही रोज इथे येणार आहे बरं का काका. ते म्हणाले, "सोमवारपासून? कसं काय ताई? मे महिन्यात लग्नाचा मुहूर्त आहे आणि लॉन मोकळं आहे, असा दिवस नाही आमच्याकडं."

मी परत मोटारीकडे गेले आणि विचारले. त्या तरुणीचा चेहराही बदलला नाही. ती म्हणाली, "मॅम, लग्नं संध्याकाळची असतात, आपलं शिबिर सकाळी बारापर्यंत. त्या काकांना बुकिंगचं काही माहीत नसतं."

माझे स्वतःचे लग्न अशाच एका लॉनवर झाले आहे. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, पहाटेपासून वऱ्हाडाची आंघोळ आणि चहा, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. सकाळी ९ ते १२ या वेळेत लग्नाच्या लॉनवर पाय ठेवायला जागा नसते, हे मराठी घरात वाढलेल्या बाईला कुणी समजावून सांगावे लागते काय? मला तेव्हा ते सुचले नाही. खरे सांगायचे तर सुचले होते, क्षणभर मनात काहीतरी टोचलेही होते, पण टी-शर्ट चांगल्या कापडाचा होता, इंग्रजी सफाईदार होते, आणि समोरचा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला होता. त्याला काय ठाऊक, असे मीही मनात म्हटले. त्यानंतर त्याच्यापासून दहा पावलांवर उभे राहून मी व्हॅनचे ₹२,४०० भरले. बाकी रकमा अज्ञानात गेल्या असे म्हणता येईल. ही रक्कम सांगून-सवरून गेली.

पुढचे बहुतेकांना परिचयाचेच असेल. ४ मेच्या रात्री निरोप आला: अपरिहार्य कारणामुळे शिबिर एक आठवडा पुढे, आता १२ मेपासून. १२ मे ही बुद्धपौर्णिमेची सुटी होती, हे एकशे चाळीसच्या वर सदस्य असलेल्या, शिबिराच्या पालकांच्या मोबाइल-समूहात एकाच्याही ध्यानात आले नाही. माझी मुलगी एव्हाना सूचनेप्रमाणे बुटांचे रिकामे खोके, बाटल्यांची झाकणे आणि जुनी वर्तमानपत्रे गोळा करत होती. झाकणे रोज मोजत होती आणि दर वेळी अकरानंतर अडत होती. ७ मेला ऑपरेशन सिंदूर झाले आणि ९ मेला दुसरा निरोप आला की देशातील परिस्थिती पाहता चिमुकल्यांच्या सुरक्षिततेसाठी शिबिर १९ मेपासून घेऊ. एका आईने पैसे परत मागितले, तर तिला समूहातच सुनावले गेले की सीमेवर जवान लढत आहेत आणि तुम्हाला शिबिराचे पडले आहे. सुनावणाऱ्या त्या पालकांना नंतर आमच्यापैकी कुणीही ओळखत नव्हते. १० मेला शस्त्रसंधी झाली, शिबिर मात्र पुढेच राहिले. १८ मेला पावसाचा अंदाज पुढे करण्यात आला. २० मेला पुण्यात खरोखरच धो धो पाऊस पडला, तेव्हा आम्हीच एकमेकांना म्हणालो की बरे झाले पुढे ढकलले. २१ मेला समूह नाहीसा झाला, दोन्ही क्रमांक बंद.

या दिरंगाईचा हेतू मला फार उशिरा उमगला. प्रत्येक आठवड्यागणिक आमचे पैसे खात्यांतून पुढे सरकत होते, आणि प्रत्येक नव्या तारखेमुळे "फसवणूक" हा शब्द पुसट होऊन त्या जागी "कार्यक्रम रद्द झाला" हा शब्द येत होता. पहिल्यांदा तारीख बदलली त्याच रात्री लॉनच्या व्यवस्थापकाला फोन करा. मी तो २१ तारखेला केला. अशा नावाचे कोणतेही बुकिंग कधी झालेले नव्हते.

त्याच संध्याकाळी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या व्यक्तीने सौजन्याने विचारले, शेवटचा व्यवहार कधीचा? एकवीस दिवसांपूर्वीचा. पहिला? पंचावन्न दिवसांपूर्वीचा. पुढची शांतता पुरेशी बोलकी होती. तक्रार क्रमांक मिळाला. बँकेने सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकला आहे, तेव्हा हा अनधिकृत व्यवहार नव्हे. नियमाने ते बरोबर आहे, आणि म्हणूनच हे चोर पिन मागत नाहीत, तो आपल्याकडूनच टाकून घेतात.

पोलीस चौकीत ठाणे अंमलदारांनी अर्ज अर्धा वाचून सांगितले, हे सायबरचे. सायबरला सांगितले, तुम्ही प्रत्यक्ष भेटलात, टी-शर्ट घेतलात, मग हे ऑनलाइन कुठे? पुन्हा चौकी. या खेपेला अधिकाऱ्यांनी माझा बँकेचा उतारा पाहिला आणि ६ एप्रिलच्या जमेवर बोट ठेवले. "हे हजार त्यांच्याकडून आलेत ना? म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी आहे. दिवाणी बाब आहे मॅडम." शेजारच्या टेबलावरून दुसऱ्याने विचारले, "म्हणजे तुम्हीपण कमिशनवर होता का?" माझ्यासोबत सोसायटीतील त्या दोघींपैकी एक आली होती. ती काही बोलली नाही, पण परतताना रिक्षात ती खिडकीबाहेरच पाहत होती. मी तिला तिचे ₹५०० त्याच रात्री परत केले. संदर्भ सवलत, मित्र सवलत, जे काही म्हणत असतील ते घेऊ नका. ती सवलत नसते, तो त्यांचा जामीन असतो.

शिक्षण विभागात गेले, तर शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आणि शिबिर म्हणजे शाळा नव्हे. महिला व बालविकासकडे अंगणवाड्या आहेत, खासगी शिबिरे नाहीत. महापालिकेत सांगितले, जागा खासगी आहे. म्हणजे या शहरात चहाची टपरी टाकायची तर दहा ठिकाणी विचारणा होते, आणि तीन वर्षांची चाळीस मुले तीन तास ताब्यात घेणाऱ्याला त्याचे नाव विचारणारे एकही टेबल मला सापडले नाही. स्वच्छतागृह, प्रथमोपचार, ताईंची पोलीस पडताळणी हे सारे आपणच विचारायचे, आणि आपण विचारत नाही, कारण आपल्याला कागदाचे मासे आवडलेले असतात.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. त्यांनी शिबिराच्या ईमेलवर ती पुढे पाठवली आणि ती परत आली. राहिला जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, दोन वर्षांची मुदत आहे, आणि सारखीच तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येता येते. हे सारे उत्तम आहे. फक्त नोटीस पाठवायला पत्ता लागतो. पावतीवरील पत्त्यावर एक कुरिअरचे दुकान निघाले. ज्या बँकेकडे त्या खातेदाराचा पत्ता आहे ती मला सांगत नाही, जे पोलीस बँकेला विचारू शकतात ते विचारत नाहीत, आणि पत्त्याविना आयोगाची गाडी हलत नाही. चौकीने गुन्हा नोंदवला नाही म्हणून जूनमध्ये पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात रजिस्टर्ड टपालाने अर्ज पाठवला आहे. पोचपावती आली आहे. त्यापलीकडे काही नाही.

त्या लोकांकडे माझे निव्वळ गेले ते ₹११,६५०. मे महिन्यात पाळणाघराचे अकरा दिवसांचे, रोजचे ₹४०० प्रमाणे, ₹४,४०० आणखी गेले. ज्या सव्वीस घरांशी संपर्क झाला त्यांपैकी नऊ सही करायला तयार आहेत. बाकीचे म्हणतात, बारा हजारांसाठी कोर्टकचेरी कोण करणार. शुल्क ठरवताना त्या लोकांनी नेमका हाच हिशेब केला असणार.

गेल्या रविवारी त्या लॉनवर गेले होते. रखवालदार काका लेखी जबाब देतील का, हे विचारायचे होते. त्यांनी मला ओळखले, मुलीची चौकशी केली, आणि नोकरीचा प्रश्न आहे म्हणून सहीला नकार दिला. मग म्हणाले की मागच्या आठवड्यात दोघी जणी फाटकाचे आणि हिरवळीचे फोटो काढून गेल्या, विचारले तर दिवाळीच्या सुटीत लहान मुलांचे शिबिर आहे म्हणाल्या. त्याच दोघी होत्या की दुसऱ्या, हे त्यांना सांगता आले नाही. दिवाळीत लग्ने नसतात, तुळशीचे लग्न लागेपर्यंत ते लॉन खरोखरच मोकळे असते. त्यामुळे या खेपेला फाटकावर चौकशी करून भागणार नाही, व्यवस्थापकाच्या सहीची बुकिंगची पावती मागावी लागेल.