हाताने क्विल्टिंगचा ऑनलाइन कोर्स केला, खालचा हात मात्र दिसलाच नाही

जवळजवळ दीड वर्ष मी चुकीच्या पद्धतीने टाके घालत होते हे हा कोर्स केल्यावर कळलं. म्हणजे धावदोरा दिसायला बरा यायचा हो, पण अर्धा तास बसलं की अंगठ्याच्या मुळाशी ठणका, मान आखडलेली आणि डाव्या हाताचं मधलं बोट टोचून टोचून चाळणी झालेलं. मला वाटायचं हाताचं काम म्हटलं की दुखणारच, त्यात काय.

कोर्स रेकॉर्डेड आहे, एकूण ८ व्हिडिओ, नाव टाकत नाहीये कारण पुढे तक्रारही करायचीये. पहिले दोन व्हिडिओ मी पळवले, कापड आधी धुवून घ्या, इस्त्री करा, कापडाची कात्री कागदाला लावू नका वगैरे, ज्याने आयुष्यात बटणसुद्धा लावलं नाही त्याच्यासाठी ठीक आहे. खरा माल तिसऱ्यापासून.

पहिला झटका बसला तो रिंगचा. मी भरतकामाच्या सवयीने क्विल्टचे तिन्ही थर, म्हणजे वरचं कापड, मधला भराव आणि मागचं कापड, ढोलकीसारखे ताणून बसवायचे आणि वर टिचकी मारून बघायचे, मस्त वाजलं की खूश. मॅडमनी १४ इंची रिंग घेतली, क्विल्ट बसवला आणि मधोमध तळहात दाबून चक्क सैल करून टाकला, इतका की खालून बोट लावलं तर वर छोटीशी टेकडी उठते. कारण अगदी साधं आहे, ताणलेल्या कापडात सुई तिरकी व्हायला जागाच मिळत नाही मग आपण मनगट वाकवतो आणि संध्याकाळी मनगट धरून बसतो. एवढ्या एका गोष्टीने माझं निम्मं दुखणं गेलं, खरंच सांगते.

मग चौथा व्हिडिओ, ज्याच्यासाठी हा कोर्स घ्यावा असा. रॉकिंग स्टिच. सुई कापडात उभी घालायची आणि घातली की चिमटीतून सोडून द्यायची, हो सोडून द्यायची, फक्त मधल्या बोटावरच्या अंगुस्तानाच्या (शिवताना बोटावर घालायच्या टोपीच्या) खळग्यात नेढं टेकलेलं असतं तेवढ्यावर ती उभी राहते. रिंगच्या खाली धरलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटाला टोक जेमतेम लागलं की अंगुस्तानाने सुई आडवी पाडायची, त्याच वेळी खालचं बोट कापड वर उचलतं आणि वरचा अंगठा पुढचं कापड दाबून धरतो, टोक वर डोकावलं की लगेच सुई परत उभी. झोका घेतल्यासारखी सुई पुढेमागे होते, आणि ३-४ टाके सुईवर चढले की मग एकदम ओढायचं. प्रत्येक टाक्याला सुई चिमटीत आवळायची नसल्यामुळे अंगठा मोकळा राहतो. ओढताना सुई निसटते त्याला फुग्याचा फाटका तुकडा बोटात धरायचा, ही युक्ती भारी आहे आणि फुकट.

आता तक्रार. अख्ख्या कोर्समध्ये कॅमेरा वरून लावलाय. खालचा हात एकदाही दिसत नाही! अहो अर्धं काम तोच हात करतो ना. मी चार दिवस घासतेय आणि टाका एक मोठा एक बारीक, मागच्या बाजूला तर काही टाके उतरलेच नाहीत. प्रश्न विचारायची सोय आहे म्हणून विचारलं, ९ दिवसांनी उत्तर आलं, "सरावाने येतं." शेवटी मी मोबाईल मांडीवर ठेवून रिंगच्या खालून स्वतःचंच शूटिंग केलं, तेव्हा दिसलं की टोक लागलं की मी घाबरून बोट मागे घेतेय, वर उचलायच्या ऐवजी. मग त्या बोटाला जाड चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, भीती गेली, टाके आपोआप सारखे यायला लागले. हे त्यांनी २ मिनिटांत दाखवलं असतं.

सुईबद्दलही माझं जमलं नाही. मॅडम सरळ १० नंबरची बिट्वीन्स, म्हणजे क्विल्टिंगची आखूड सुई, घ्या म्हणतात. या सुयांचा नंबर वाढतो तशी सुई आखूड आणि बारीक होत जाते, नवशिक्याला १० नंबर म्हणजे सापडेना आणि धरवेना, माझी तर एक वाकलीसुद्धा. ८ किंवा ९ ने सुरू करा, बोटं सरावली की मग १० कडे जा. तसंच मॅडम पट्टी ठेवून एका इंचात १० टाके मोजून दाखवतात, फक्त वर दिसणारे मोजायचे, ते बघून मी इतकी दडपले की दोन दिवस रिंगला हात लावला नाही. ५-६ आले आणि सारखे आले तरी काही बिघडत नाही.

आणि जाड दोऱ्याचं बिग स्टिच, ते बिचारं शेवटच्या व्हिडिओत ५ मिनिटांत गुंडाळलंय. ८ नंबरचा पर्ल कॉटन, मोठ्या नेढ्याची सुई, इंचाला ४ टाके, काम भराभर पुढे सरकतं आणि दिसतंही छान. ज्यांचे हात आधीच दुखतात त्यांना पहिल्यांदा हेच शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे.

बसायचं कसं त्याचा व्हिडिओ मात्र छोटा पण नेमका. रिंगची पुढची कड टेबलाला टेकवायची म्हणजे तिचं वजन हातावर येत नाही, खांदे खाली, उजव्या हाताने शिवत असाल तर उजेड डावीकडून, आणि दर २० मिनिटांनी उठायचं. उठायचं मी अजूनही विसरते.

एक गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही ती सांगते, मागच्या बाजूला घट्ट विणीची चादर लावू नका. मी लावली होती, सुई घालताना पुठ्ठ्यात घालतेय असं वाटायचं आणि दोष मी माझ्या हाताला देत बसले. मधला थर घेतानाही सुई घालून बघा, काहींना आतून पातळ जाळी लावलेली असते, त्यात हाताची सुई अडते.

घ्यायचा असेल तर घ्या, पण चौथा व्हिडिओ अर्ध्या स्पीडवर लावा, रिंग हातात घेऊनच बसा, आणि मोबाईल दोन असतील तर दुसरा मांडीवर ठेवा.