जुन्या ट्रॅक्टरला डायनॅमो ठेवावा की अल्टरनेटर बसवावा?

दोन्ही इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतात; डायनॅमो जुना प्रकार, अल्टरनेटर नवा. बॅटरी चार्ज होत नसेल तर आधी खरंच डायनॅमो गेलाय का ते बघा. बंद इंजिनवर चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. रेस दिल्यावर 13.8 ते 14.4 यायला हवेत. येत नसतील तर पट्टा ताणून बघा. मग डायनॅमोच्या डी (करंट बाहेर देणारं) आणि एफ (फील्ड कॉइलचं) टोकांच्या वायरी काढा, दोन्ही टोकं एकमेकांना जोडा, व्होल्ट मीटरचं एक टोक त्यांना आणि दुसरं बॉडीला लावा आणि रेस हळूहळू वाढवा. व्होल्ट 15च्या पुढे चढले तर डायनॅमो ठीक, दोष कटआउट-रेग्युलेटरमध्ये, म्हणजे चार्जिंग आवरणाऱ्या डबीत किंवा तिच्या वायरिंगमध्ये. नाही चढले तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेत किंवा कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) काळा पडलाय.

खर्चात डायनॅमो स्वस्त: ब्रश बदलायचे, कॉम्युटेटर घासायचा. उद्यमनगरासारख्या कारखानी वसाहतीत आर्मेचर (आतला फिरणारा भाग) नव्या तारेने भरूनही मिळतं. पण हळू इंजिनवर तो जवळजवळ चार्जच करत नाही. साखर कारखान्याच्या रांगेत रात्रभर दिवे लावून, इंजिन हळू ठेवून थांबलात की सकाळी धक्का मारायची वेळ!

अल्टरनेटर तिथेच जिंकतो. मेहनत मात्र जास्त: ब्रॅकेट, जाड चार्जिंग वायर, आणि जुन्या गाडीत बॉडीला प्लस असेल तर बॅटरी उलटी जोडून मायनस करावी लागते. हे विसरलात तर अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जळतात. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणं हाही अल्टरनेटरचा काळच. अल्टरनेटरचा करंट जास्त असेल तर 30 अँपिअरचा जुना मीटरही बदला.

दिवसा नांगरट, किंवा मूळ रूपात जपलेला ट्रॅक्टर असेल तर डायनॅमोच. रात्रीची ऊस वाहतूक असेल तर अल्टरनेटर.