रोज नवा अल्बम, की आठवडाभर एकच?

गेल्या जूनमध्ये मी रोज एक न ऐकलेला अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला लागले. चार महिने हा नेम पाळला. दिवाळीनंतर पद्धत बदलली. अल्बम अनोळखीच, पण आठवड्याला एक, आणि तोच सातही दिवस. आता ऑफिसातल्या दोघीतिघी आणि माझा भाचा विचारतायत की आम्हालाही सुरू करायचंय, यातलं कुठलं करू? दोन्ही करून झालंय, म्हणून जरा बैजवार लिहिते.

सगळ्यांची पहिली शंका एकच असते, वेळ कुठून आणायचा? मला तो लोकलने दिला. डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट गाडीने तासभर लागतो आणि जुन्या एलपीचा, म्हणजे लाँग-प्ले तबकडीचा, ऐवज त्यात आरामात बसतो. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावायला लागली. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. म्हणून एलपीच्या जमान्यातले बरेचसे अल्बम पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे आहेत. पुढे सीडीवर ७४ मिनिटं मिळाली आणि अल्बमही लांबले. रोजचा नेम करणार असाल तर हे लक्षात ठेवा. सत्तर मिनिटांचा अल्बम मंगळवारी अर्धा राहिला की बुधवारी दीड अल्बम डोक्यावर बसतो, आणि नेम मोडतो तो असाच. आठवड्याच्या पद्धतीत ही अडचण येत नाही. एक दिवस चुकला तरी सहा उरतात.

गर्दीचा एक फायदाही झाला. फोन एकदा पर्समध्ये गेला की ठाण्यापर्यंत हात हलवता येत नाही, त्यामुळे नावडतं गाणं पुढे ढकलायची सोयच नाही. नाहीतर निम्मे अल्बम मी तिसऱ्या मिनिटालाच सोडले असते.

रोज एक: कानाची भीती जाते

रोजच्या पद्धतीने जे दिलं ते दुसऱ्या कशाने मिळालं नसतं. पहिले दहा-बारा दिवस अवघड जातात. भाषा कळत नाही, ताल कुठे संपतो कळत नाही, सम सापडत नाही. बल्गेरियन बायकांचं समूहगान मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन आवाज एकमेकांना इतके खेटून लागत होते की काहीतरी बिघडलंय असंच वाटलं. ते मुद्दाम असतं. लगतचे दोन स्वर एकत्र लावून जी घासाघीस होते तीच त्यांना हवी असते, आणि दिव्याच्या ज्योतीसारखी थरथर त्यातूनच येते. हे कळायला मला आणखी पाच-सहा वेगळ्या देशांचे अल्बम मध्ये ऐकावे लागले.

तिसऱ्या आठवड्यात आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरच्या गायिका सेझारिया एव्होरा यांचा १९९२ सालचा ‘मिस पर्फुमादो’ लागला. शब्द एकही कळला नाही, पण गाण्याची चाल आणि तिच्यातली हुरहूर ओळखीची वाटली. नंतर लक्षात आलं की लहानपणी गोव्यात मामाच्या शेजारी ऐकलेला मांडो, तिथलं जुनं कोकणी गाणं, मला आठवत होता. दोन्हीकडे पोर्तुगीजांची शेकडो वर्षांची सत्ता होती आणि दोन्हीकडे त्या सुरांना स्थानिकांनी आपलं दुःख दिलं. पुस्तकात वाचून हे मला कधी पोचलं नसतं. माली देशातले अली फर्का तुरे आणि अमेरिकेतले राय कूडर यांचा १९९४ सालचा ‘टॉकिंग टिंबक्टू’ त्याच पंधरवड्यात आला, आणि गिटार या वाद्याबद्दलची माझी समजूत एका फेरीत बदलली.

ज्यांची गाणी वीस वर्षं तीच ती आहेत, कॉलेजात जे ऐकलं तेच अजून चालू आहे, त्यांनी रोजचीच पद्धत घ्यावी. कानांवर बसलेली साय हलवायला रोजचा धक्काच लागतो.

पण तिसऱ्या महिन्यात मी माझी वही उलटून पाहिली आणि मन खट्टू झालं. रोज तीन ओळी लिहायच्या असं ठरवलं होतं. ऑगस्टमधल्या पानांवर ‘छान’, ‘शांत’, ‘ड्रम चांगले’ एवढंच उरलं होतं. जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’समोर, म्हणजे १९५९ पासून लोक ज्याची पारायणं करत आलेत त्या अल्बमसमोर, मी ‘निवांत, संध्याकाळी लावायला बरा’ असं लिहून दुसऱ्या दिवशी पुढे गेले होते. चूक अल्बमची नव्हती. पहिल्या भेटीत माणूस जेवढा कळतो तेवढाच तो मला कळला होता, आणि दुसरी भेट मी ठेवलीच नव्हती. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती अधिक आवडू लागते. रोजच्या नेमात हे ‘पुन्हा’च गाळलेलं असतं. त्यामुळे पटकन भिडणारे अल्बम वर येतात आणि हळूहळू उलगडणारे मागे राहतात.

आठवड्याला एक: सातव्या दिवशी कळलेली प्रार्थना

आठवड्याची पद्धत मी जॅझचेच सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ने सुरू केली. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतल्या स्टुडिओत एका बैठकीत चौघांनी वाजवलेला, चार भागांचा, तेहतीस मिनिटांचा अल्बम. सोमवारी मला फक्त गोंगाट ऐकू आला. मंगळवारी पहिल्या भागातली बास या खर्जातल्या तंतुवाद्याची चार सुरांची ओळ कानात राहिली. बुधवारी घाटकोपरच्या आसपास लक्षात आलं की सॅक्सोफोन तीच चार सुरांची ओळ वेगवेगळ्या पट्टीत फिरवत नेतोय. बाराही पट्ट्यांत ती फिरते हे मला नंतर वाचून कळलं, पण फिरतेय हे माझ्या कानांनी पकडलं, आणि त्याचा आनंद अजून आहे. त्यानंतर वाद्य बाजूला ठेवून माणसाचा आवाज त्याच सुरांवर अल्बमचं नाव जपासारखं म्हणू लागतो. गुरुवारी तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला एल्विन जोन्स एकटे ड्रमवर असतात, तिथे मी दर वेळी डोळे मिटायला लागले.

शनिवारी सुट्टी होती. घरी बसून मी अल्बमच्या कव्हरवर छापलेली कोल्ट्रेन यांची कविता शोधून काढली. देवाचे आभार मानणारी ती प्रार्थना आहे. रविवारी चौथा भाग लावला आणि कविता समोर धरली. त्या भागात कोल्ट्रेन सॅक्सोफोनवर ती कविताच म्हणत आहेत, शब्दागणिक, अक्षरागणिक. आमच्या घरी आजी संध्याकाळी हरिपाठ म्हणायची, ओळीच्या शेवटी एका सुरावर टेकून मग पुढची ओळ उचलायची. अगदी तसंच ओळीओळीला टेकणं त्या वाद्यात होतं. सहा दिवस मी जे नुसतं वाद्य म्हणून ऐकलं ते सातव्या दिवशी बोलायला लागलं. रोजच्या नेमात सोमवारी ‘गोंगाट’ असं लिहून मी मंगळवारी दुसऱ्या दाराशी गेले असते.

या पद्धतीचा तोटाही मोठा आहे. निवड फसली तर आठवडा फसतो. एका प्रसिद्ध रॉक अल्बमपाशी माझं मन पाच दिवस लागलं नाही, आणि गुरुवारनंतर गाडीत कान बंद करून बसावंसं वाटू लागलं. तेव्हापासून तीन दिवसांचा नियम केला. बुधवारपर्यंत एकही जागा पुन्हा ऐकावीशी वाटली नाही तर बदलायचा. त्याआधी मात्र नाही, कारण ‘अ लव्ह सुप्रीम’ मंगळवारी मी नक्की बदलला असता. दुसरं म्हणजे वर्षाला बावन्नच अल्बम होतात. ज्याला जग पाहायचंय त्याला हे थोडे वाटतील.

काही अल्बम मात्र एकदाच, पण पूर्ण शांततेत ऐकावेत असे असतात. पियानोवादक कीथ जॅरेट यांची २४ जानेवारी १९७५ची जर्मनीतल्या कलोनमधली मैफल त्यातली. ठरवलेला पियानो आलाच नाही आणि लहान, बेसूर, खालच्या-वरच्या पट्टीत पोकळ वाजणाऱ्या पियानोवर त्यांना रात्री उशिरा बसावं लागलं. म्हणून ते मधल्या सप्तकात घोळत राहिले, डाव्या हाताने तीच ती आवर्तनं धरून. सगळं आयत्या वेळी सुचलेलं. हा अल्बम मी लोकलमध्ये लावला आणि वाया घालवला. गाडीच्या खडखडाटात पियानोचा हळू भाग पोचतच नाही. तुमचं ऐकणं प्रवासातच होणार असेल तर गायन, ताल, पितळी वाद्यं असलेले अल्बम प्रवासाला ठेवा आणि नाजूक ते घरी.

आपल्या गाण्यासाठी तिसरी वाट

भाच्याने विचारलं, शास्त्रीय संगीताचं काय? तिथे रोज एक अनोळखी अल्बम ही पद्धत मला पटत नाही. नवखा कान रोज राग बदलून ऐकायला लागला तर महिन्यानंतर हाती काही राहत नाही. त्याऐवजी राग एक धरा आणि गाणारे बदला. मी मारवा या रागाचा आठवडा केला. अमीर खाँसाहेबांची एक तबकडी आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. त्यातल्या ‘पिया मोरे अनत देस’ या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, बंदिशीत षड्ज, म्हणजे सा, किती वेळ लांबणीवर टाकलाय ते मोजत ऐका. पंचम तर रागात नाहीच. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर गाणं लोंबकळत राहतं आणि सा कधी येतो म्हणून जीव कासावीस होतो. मग वसंतराव देशपांड्यांचा मारवा लावा. तोच राग, पण इथे आग आहे. वसंतरावांना लाहोरमध्ये असद अली खाँ यांनी कितीतरी महिने फक्त मारवाच शिकवला होता. आपल्याकडे शिकण्याची रीतच ही होती, मग ऐकण्याची का नसावी? रोज अल्बम नवा आणि आतली गोष्ट तीच, असं दोन्ही यात साधतं.

निवड कुठून करायची

तयार याद्या भरपूर मिळतात आणि रोजच्या नेमाला त्या सोयीच्या आहेत, कारण सकाळी निवडत बसलं की ऐकायचं राहून जातं. पण अशा बऱ्याच याद्यांत इंग्रजी रॉक फार असतं. मला कव्हरवरच्या नावांच्या मागे जाणं जास्त आवडलं. ‘काइंड ऑफ ब्लू’वर कोल्ट्रेन होते म्हणून ‘अ लव्ह सुप्रीम’कडे गेले, आणि तिथून त्यांच्या पत्नी अॅलिस कोल्ट्रेन यांच्या १९७१च्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’कडे. तो सुरू झाला आणि पहिल्याच क्षणांत तंबोरा वाजू लागला. मुंब्र्याच्या बोगद्यात होते, अंगावर काटा आला. यादीने हा रस्ता मला दाखवला नसता.

साधन कुठलंही चालेल. फक्त शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणं, बंद करा, आणि फुकटच्या सेवेत दोन गाण्यांच्या मध्ये जाहिरात शिरत असेल तर महिन्याचे पैसे भरा किंवा सीडी मागून आणा. गाणी ज्या क्रमाने लावली आहेत तो क्रमही अल्बमचाच भाग असतो.

आता कुठलं करू, याचं माझं उत्तर. चाळीस दिवस रोज एक ऐका, त्याहून जास्त नको. वहीत तीन ओळी लिहा, आणि त्यात एक तरी जागा नेमकी टिपा, कुठल्या गाण्यात, कितव्या मिनिटाला काय झालं ती. चाळिसाव्या दिवशी वही उघडा. ज्या पानांवर जागा लिहिली आहे पण अल्बम कळलेला नाही, ती पानं दुमडा. आठवड्याच्या पद्धतीला तिथून सुरुवात करा. माझ्या वहीत अशी अकरा पानं दुमडलेली निघाली. ‘काइंड ऑफ ब्लू’चं पान त्यात नव्हतं, कारण तिथे मी एकही जागा लिहिली नव्हती. ते मी नंतर हाताने दुमडलं, आणि या सोमवारपासून तोच लावला आहे. आज तिसरा दिवस.