‘बँकेतून कशाला पाठवताय, काकू?’

परदेशी निघालेल्या मुलांच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘माझ्याकडे युरो पडून आहेत, मला इंडियात रुपये हवेत, बँकेपेक्षा चांगला रेट देतो’ असा मेसेज दिसला, तर त्या माणसाशी व्यवहार करू नका. तो तुमच्या गावचा निघाला, तुमच्या भाषेत बोलला, तुमच्या गल्लीचं नाव त्याला ठाऊक असलं, तरी नाही. आमचे १,२३,००० रुपये या वाटेने गेले. कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण ऐकणाऱ्याला पहिल्यांदा हेच वाटतं की हे लोक भोळे असणार. आम्ही भोळे नाही. आम्ही पै-पैचा हिशेब ठेवणारे आहोत, आणि त्याने धरलं ते नेमकं तिथेच.

आम्ही बडोद्याचे, दांडियाबाजारातले. हे मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतात, मी घरी शिकवण्या घेते. लेकीला जर्मनीत आखेनला एमएस्सीला प्रवेश मिळाला. जर्मनीच निवडली, कारण तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी बहुतेक ठिकाणी नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, म्हणून तिकडचे पर्याय आम्ही आधीच गाळले होते. ‘फी नाही’ म्हटलं की नातेवाइकांना वाटतं पोरगी फुकटात चालली. प्रत्यक्षात कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस सर्टिफिकेटचे १८,०००, व्हिसाचे ७५ युरो, विमा, तिकीट, थंडीचे कपडे. आणि या सगळ्यांच्या वर ब्लॉक्ड अकाउंट. वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच जर्मनीतल्या खात्यात भरायचे, त्यातून मुलीला दरमहा ९९२ मिळणार. पैसे आपलेच असतात, पण भरताना एकदम भरावे लागतात. ह्यांनी एफडी मोडली, उरलेले शैक्षणिक कर्जातून काढले, माझ्या पाटल्या गेल्या त्या वेगळ्याच. त्यानंतर घरात वही आली. दुधाच्या हिशेबाशेजारी युरोचा हिशेब.

सल्ला देणाऱ्या ऑफिसांपासून आम्ही लांबच राहिलो होतो. अलकापुरीतल्या एकाने ‘फ्री कौन्सिलिंग’ म्हणून बोलावून खाजगी विद्यापीठांचीच नावं पुढे केली. तिथे प्रवेश झाला की कमिशन त्यांना मिळतं. शिवाय सगळ्या मार्कशीटना अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावेत म्हणून लावायचा सरकारी शिक्का, करून देण्याचे पैसे सांगितले. भारताचं अपॉस्टिल जर्मनी मानतच नाही, त्यामुळे तो खर्च निव्वळ पाण्यात गेला असता. लेकीने घरी येऊन वाचून काढलं आणि आम्ही तो नाद सोडला. हे सांगते एवढ्यासाठी की इथपर्यंत आम्ही सावधच होतो.

अडलं ते खोलीपाशी. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी अर्ज केला होता, पण वेटिंग लिस्ट लांबलचक. सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होणार. ती रोज साईटवर पन्नास ठिकाणी मेसेज टाकायची, उत्तर एखाद्याचं यायचं, तेही ‘समक्ष बघायला या’. बडोद्यातून समक्ष कसं जाणार?

तेव्हा ग्रुपवरच्या एका ‘दादा’ने तिला वेगळा मेसेज केला. मी आखेनलाच आहे, डिग्री संपली, जॉब दुसऱ्या शहरात लागला, माझ्या घरमालकीणबाईंकडची खोली रिकामी होतेय. मग मला फोन. बोलणं अगदी आपल्या बडोद्याचं, अर्धं मराठी अर्धं गुजराती. शाळा कारेलीबागेत, कॉलेज एमएस युनिव्हर्सिटीत, रविवारी सेव-उसळ चुकायची नाही. ‘फिकर नका करू काकू, मी बसलोय ना!’ असं पुण्यामुंबईचा मुलगा बोलणार नाही, हे बडोदेकरांना सांगायला नको. लेकीच्या प्रोफाईलवर शाळा, गल्ली, सयाजीबागेतले फोटो सगळं उघडं होतं. ते बघून कोणालाही एवढं जुळवता येईल, हे पोलिसांनी नंतर दाखवलं.

खोलीचे फोटो आले. लाकडी फरशी, खिडकीला रोलर शटर, टेबलावर एक कुंडी. घरमालकीणबाईंचं ईमेल आलं, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आली, चार पानी करार आला. भाडं वीज-हीटिंगसकट ४१० युरो, डिपॉझिट दोन महिन्यांचं म्हणजे ८२०, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. एकूण १,२३० युरो. भाडं संशय यावा इतकं कमीही नव्हतं. फुकटात मिळतंय म्हटलं तर माणूस थबकतो. इथे रास्त दर होता.

ह्यांनी बँकेतून पाठवायची तयारी केली. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरायचा, शिक्षणाचा कोड टाकायचा, एवढंच काम. पण दादाने विचारलं, ‘बँकेतून कशाला पाठवताय, काकू?’ आणि हिशेब मांडला. बँकेचा रेट १०३, वर स्विफ्टचे, म्हणजे परदेशी ट्रान्सफरचे, चार्जेस, जीएसटी. काकांनी ब्लॉक्ड अकाउंटला यंदाच दहा लाखांवर पाठवले आहेत, त्यामुळे आता पाच टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापणार. त्यापेक्षा मी इथून माझ्या खात्यातून घरमालकीणबाईंना युरो देतो, तुम्ही तिकडे माझ्या मामांच्या खात्यात रुपये टाका, मला शंभरच्या रेटने चालेल. वहीवर आकडे मांडले तर दहा-अकरा हजार वाचत होते. विमानात जादा बॅगेचा खर्च निघाला असता.

त्या हिशेबात सोयीने काय गाळलं होतं ते आता सांगते. टीसीएस हा बुडीत खर्च नाही. रिटर्न भरताना तो करातून वजा होतो किंवा परत मिळतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि ही मर्यादा माणशी आहे. ह्यांची संपली असली तरी माझ्या पॅनवर माझी मर्यादा पूर्ण शिल्लक होती, म्हणजे माझ्या खात्यातून पाठवले असते तर एक रुपया कापला गेला नसता. बँकेच्या मान्यताप्राप्त शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेला तर टीसीएस लागतच नाही. तो माणूस आकडे खरे सांगत होता, फक्त निम्मे सांगत होता.

पहिले त्याने सांगितलं यूपीआय करा. यूपीआयला दिवसाची एक लाखाची मर्यादा असते, म्हणून मग आयएमपीएस, म्हणजे बँकेतून लगेच पोचणारं ट्रान्सफर. खातं परराज्यातल्या बँकेचं, नाव त्याच्या आडनावाशी न जुळणारं; पण ‘मामा’ असल्यावर आडनाव जुळणार कसं? रुपये गेले. अर्ध्या तासात त्याच्याकडून स्क्रीनशॉट आला: जर्मन बँकेचं ॲप, १,२३० युरो, घरमालकीणबाईंचं नाव, हिरवी टिक. मागोमाग बाईंचं ईमेल, ‘दोन-तीन दिवसांत जमा होतील, मग किल्ली पोस्टाने पाठवते.’ युरोपातल्या युरोपात युरो जायला दोन-तीन दिवस लागत नाहीत. साधं ट्रान्सफर फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी पोचतं, तातडीचं दहा सेकंदांत. आपल्याकडे परदेशी पैसे म्हणजे वेळ लागणारच हे डोक्यात पक्कं असतं, त्यावर तो तरून गेला.

नंतर बाईंनी फर्निचरच्या विम्याचे आणखी ३०० युरो मागितले. तेव्हा लेकीने तिच्या वर्गात प्रवेश घेतलेल्या आणि आधीच आखेनला पोचलेल्या एका मुलीला पत्त्यावर पाठवलं. जर्मनीत इमारतीच्या दारावर घंटांशेजारी राहणाऱ्यांची आडनावं लिहिलेली असतात. तिने त्या पाटीचा फोटो पाठवला. इमारत खरी, नंबर खरा, खाली बेकरी. पण बाईंचं नाव कुठेच नाही. बेकरीतल्या बाईने सांगितलं, याआधीही एक मुलगी बॅगा घेऊन इथे येऊन उभी राहिली होती. खोलीचे फोटोच इंटरनेटवर टाकून शोधून पाहिले, तर ते दुसऱ्याच शहरातल्या भाड्याच्या अपार्टमेंटचे निघाले.

लेकीने दादाला विचारलं. त्याने आधी आवाज चढवला, मग जे म्हणाला ते प्रत्येक आईबापाने वाचावं: ‘पोलिसात जाल तर तुम्हीच अडकाल. बँकेबाहेर फॉरेन एक्स्चेंज केलंय तुम्ही, फेमा माहितीये ना? मुलीचा व्हिसा जाईल.’

या धंद्याची सगळी मांडणी या वाक्यासाठी असते असं माझं मत झालंय. नुसतं घरभाड्याचं डिपॉझिट उकळायचं असतं तर बाईंनी थेट आपल्या खात्यात मागवलं असतं. अदलाबदलीचं पिल्लू सोडलं की फसलेला माणूस स्वतःच गप्प बसतो. आणि त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त बोचतं. १९९९ च्या फेमा कायद्याप्रमाणे परकीय चलनाची देवघेव अधिकृत बँक किंवा परवानाधारक मनी चेंजरकडूनच करता येते. दोन ओळखीच्या माणसांनी आपापसात रुपये-युरो बदलणं त्यात बसत नाही. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, त्याला पक्कं माहीत होतं. घरात रात्रभर एकच चर्चा. ह्यांचं म्हणणं, जाऊ दे, मुलीचं भविष्य मोठं. मी म्हटलं, गप्प बसलो तर तो उद्या तीनशे युरोही घेईल आणि परवा आणखी काही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, नंतर पोलिसांकडे सगळं होतं तसं सांगितलं, अदलाबदलीसकट. तिथे आम्हाला कोणी आरोपीसारखं वागवलं नाही. अधिकाऱ्यांनी उलट एक गोष्ट समजावली जी आमच्या डोक्यातही नव्हती: खरंच युरो आले असते तर ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून चोरलेले असते, आणि ते तुमच्या मुलीच्या खात्यात आले असते तर तिचं तिकडचं खातं गोठलं असतं. म्हणजे हा व्यवहार ‘यशस्वी’ झाला तरी वाईटच.

पैसे ‘मामां’च्या खात्यातून तासाभरात आणखी खात्यांत पळवले होते. त्यातल्या एका खात्यात ३८,००० होते ते बँकेने रोखून धरले, कोर्टात अर्ज करून ते परत मिळाले. तक्रार करण्याआधी आम्ही रडारड आणि चर्चा करण्यात वेळ घालवला नसता तर आणखी अडकले असते, असं सांगण्यात आलं. खातेदार एक मजुरी करणारा पोरगा निघाला, ज्याने थोड्या पैशांसाठी पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली केलं होतं. दादा कोण, ते अजून कळलेलं नाही.

लेक वेळेवर गेली. सुरुवातीला यूथ हॉस्टेलमध्ये राहिली, कॉमन रूममध्ये बसून अभ्यास, मग समक्ष बघून एका घरात खोली घेतली. तिथे गेल्यावर कळलेल्या गोष्टी इथे लिहिते. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढंच घेता येतं, हीटिंग वगैरे त्यात धरत नाहीत. आणि भाडेकरूला ते तीन समान हप्त्यांत देण्याचा हक्क आहे, पहिला हप्ता भाडेपट्टा सुरू होताना. म्हणजे किल्ली बघण्याआधी सगळी रक्कम मागणारा घरमालक कायद्याबाहेरचं मागतो. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. तो द्याल का हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारावं. ठग या प्रश्नाला सहसा ‘नंतर बघू’ म्हणतात. आणि ओळखीतलं कोणीही त्या शहरात असेल, मित्राच्या मित्राची बहीण का असेना, तर पैसे देण्याआधी तिला घंटेवरची पाटी बघायला पाठवा. तिला एका कॉफीचे पैसे द्यावे लागतील.

लोक आम्हाला विचारतात, एवढी शिकलेली मुलगी कशी फसली? इंजिनिअर मुलीला जर्मन घरमालकाचे कायदे शाळेत शिकवत नाहीत. हा प्रश्न त्या दादाला विचारायला हवा, एवढं चांगलं मराठी येतं तर हे काम का करतो म्हणून.

एक शेवटचं, तक्रार देणाऱ्यांसाठी. संतापाच्या भरात चॅट डिलीट करू नका आणि त्याला ब्लॉकही लगेच करू नका. लेकीने जाब विचारल्याबरोबर दादाने आपले मेसेज ‘सगळ्यांसाठी’ पुसायला सुरुवात केली होती. लेकीने त्याआधीच चॅट एक्स्पोर्ट करून मला ईमेल केलं होतं, व्हॉइस मेसेजसकट, म्हणून पोलिसांना दाखवायला काहीतरी उरलं. त्यात ज्या आयएमपीएसचा रेफरन्स नंबर होता, त्यावरूनच ते ३८,००० सापडले.