चार डिस्कचा डबा आणि डुलणारी थडगी

बावीस वर्षं मी नाटकांचं नेपथ्य उभं केलं. त्यामुळे पडद्यावर काहीही चालू असलं तरी माझी नजर नटाच्या तोंडावर कमी आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर जास्त. दार आपटल्यावर फ्लॅट, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेली खोटी भिंत, थरथरला का, खिडकीतलं आभाळ कापडाचं आहे हे कळतंय का, हेच बघत बसते. माझा हा रोग ओळखूनच भाच्याने हा डबा भेट दिला असणार. चार डिस्क, चार जुने अमेरिकन विज्ञानपट, चारही नामांकित टुकार. दोन आठवड्यांत सगळे बघून झाले, एक तर तीनदा.

आधी डब्याच्या तक्रारी उरकते. वेष्टनावर जी झकास उडती तबकडी रंगवली आहे तिच्या पासंगाला पुरेल अशी तबकडी आतल्या एकाही सिनेमात नाही. प्रिंट ओरखड्यांच्या आहेत, पण आवाज स्वच्छ आहे. तिसऱ्या डिस्कवरचा सिनेमा मात्र मूळच्या चौकोनी चौकटीतून ओढून रुंद टीव्हीभर पसरवलाय, त्यामुळे अंतराळवीर बुटके आणि आडवे दिसतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चौकट बदलली की माणसं पुन्हा उंच होतात. सबटायटल्स कोणी लिहिली देव जाणे. परग्रहावरून आलेल्या ‘रो-मॅन’ला सगळीकडे ‘रोमन’ केलंय. भाचा पाच मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘‘मावशी, रोमन लोकांनी पृथ्वी नक्की कधी संपवली?’’

तो सिनेमा म्हणजे ‘रोबॉट मॉन्स्टर’, १९५३ सालचा. दिग्दर्शक फिल टकर. यंत्रमानवाचा पोशाख बनवायला पैसे नव्हते, पण जॉर्ज बॅरोज नावाचा एक नट होता आणि त्याच्याकडे स्वतःचा गोरिलाचा सूट होता. मग काय, अंगात गोरिला, डोक्यावर पाणबुड्याचं हेल्मेट, वर अँटेना, झाला परग्रहवासी तयार! हसू येतंच, पण माझ्यातल्या नेपथ्यवालीला त्या निर्णयाची भारी गंमत वाटते. घरात काय आहे, त्यात काय भागेल, ह्या एका प्रश्नावर आमचा अख्खा धंदा चालतो. आम्ही एकदा डॉक्टरचा दवाखाना आणि कोर्ट एकाच टेबलावर काढलं होतं, फक्त वरचं कापड बदलून.

ह्या गोरिलाने पृथ्वीवरची माणसं मारून टाकलीत, आठ सोडून. आता उरलेल्यांना शोधत तो भर उन्हात लॉस एंजेलिसमधल्या ब्रॉन्सन कॅन्यन ह्या दरीच्या उतारावर धापा टाकत वर-खाली करतो. चार दिवसांत शूटिंग आटोपलं म्हणतात, आणि त्यातला बराचसा वेळ हा माणूस चालतच असावा. त्या केसाळ सुटात त्याचं काय झालं असेल ह्या विचाराने मला त्याचीच दया येत होती, मरणाऱ्यांची नाही. गुहेच्या तोंडाशी एका टेबलावर त्याचं यंत्र मांडलंय आणि त्यातून साबणाचे फुगे निघतात. का निघतात ते सिनेमा सांगत नाही. पण श्रेयनामावलीत फुगे काढणाऱ्या यंत्राचं नाव मानाने आलंय! मध्येच १९४० सालच्या दुसऱ्याच सिनेमातले सरडे डायनासोर म्हणून येऊन भांडून जातात. पार्श्वसंगीत मात्र खरोखर चांगलं आहे, पुढे ऑस्कर मिळवणाऱ्या एल्मर बर्नस्टीनचं. गोरिला नुसता टेकडी चढत असतो आणि मागे वाद्यवृंद जीव तोडून वाजवत असतो.

तिसऱ्या डिस्कवर ‘कॅट-विमेन ऑफ द मून’, तोही १९५३चा आणि संगीतही बर्नस्टीनचंच. यान म्हणजे ऑफिस. चाकांच्या खुर्च्या, टेबल, सगळं तसंच. चंद्रावर गुहेत श्वास घेण्याजोगी हवा सापडते आणि दोऱ्यांना लटकलेला एक कोळी अंगावर पडतो. तासाभराचा आहे, एकदा बघा. चौथ्यात मंगळावरचे लोक सांताक्लॉजला पळवून नेतात (१९६४). लहान मुलांसाठी काढलाय आणि मुलांनाही कंटाळा येईल. त्यातली मंगळवासीयांची शस्त्रं म्हणजे तेव्हा बाजारात मिळणाऱ्या हवेच्या खेळण्यातल्या बंदुका आहेत, एवढं एक लक्षात ठेवून बघा, म्हणजे वेळ जातो.

आता दुसरी डिस्क. ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’. डबा घ्यायचा तो हिच्यासाठी.

दिग्दर्शक एड वुड. बेला लुगोसी ह्या नामांकित नटाचे थोडे तुकडे त्याने चित्रित करून ठेवले होते, ते ह्या सिनेमासाठी नव्हतेच. ऑगस्ट १९५६मध्ये लुगोसी गेला. दुसरा कोणी असता तर त्याने नवा नट घेतला असता. वुडने ते तुकडेही ठेवले आणि उरलेल्या भूमिकेसाठी आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके दाबून उपचार करणाऱ्याला, उभं केलं. तो लुगोसीपेक्षा उंच, चेहऱ्यात काडीचं साम्य नाही. म्हणून तो अख्खा सिनेमाभर डोळ्यांखाली झगा धरून फिरतो. पैसे एका बॅप्टिस्ट चर्चशी संबंधित मंडळींनी घातले, आणि त्यापायी काही कलाकारांनी बाप्तिस्माही घेतला.

कथा अशी की परग्रहवासीयांच्या आठ योजना फसल्यात आणि नववी योजना आहे मेलेल्यांना उठवून माणसांना धाक दाखवण्याची. तर एकूण किती मेलेले उठतात? तीन.

पहिल्यांदा बघितला तेव्हा हसून हसून पोट दुखलं. स्मशानात माणूस धावला की थडगी डुलतात, एक तर आडवंच होतं. विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी पडदा आहे. पाठलाग रात्री सुरू होतो, मध्येच ऊन पडतं, पुन्हा रात्र. टॉर जॉन्सन हा स्वीडनचा अगडबंब पैलवान कबरीतून वर यायला निघतो आणि त्याला काही केल्या बाहेर येता येत नाही. कॅमेरा शांतपणे बघत राहतो.

दुसऱ्यांदा मी एकटीने बघितला, थांबवून थांबवून. कॉकपिट बघा. एक फ्लॅट, दोन खुर्च्या, एक पडदा. दिव्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात, कारण भिंत माणसांच्या फार जवळ आहे. म्हणजे जागाच नव्हती. मी असल्या जागेत काम केलंय, मला ती खोली ओळखीची वाटली. आणि एक गोष्ट वुडच्या बाजूने सांगायला हवी. हा सिनेमा थिएटरात दाखवताना चौकटीचा वरचा-खालचा भाग झाकला जायचा. ह्या डिस्कवर पूर्ण चौकट दिली आहे, त्यामुळे त्याने झाकायचं म्हणून सोडलेलं बरंचसं आपल्याला दिसतं. विंगेतून नाटक बघून नेपथ्याला नावं ठेवण्यासारखंच आहे ते.

आमच्या एका प्रयोगात दुसऱ्या अंकात मागची भिंत सुटली. खुंटी निघाली होती. सासऱ्याचं काम करणारा नट सरकत सरकत मागे गेला, पाठ भिंतीला लावली आणि पुढची अकरा मिनिटं तिथूनच सुनेला बोलत राहिला. प्रेक्षकांत कोणाला कळलं नाही असं मुळीच नाही, पहिल्या रांगेतली बाई तोंडावर पदर धरून हसत होती. पण कोणी उठून गेलं नाही. ‘प्लॅन नाइन’मधला प्रत्येक जण तसा उभा आहे. डोळा मारून ‘आम्हालाही माहितीये हो’ असं कोणीही सुचवत नाही.

हल्ली मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे येतात, वादळातून शार्क उडत येणारे वगैरे. अर्धा तास बघितला एक, बंद केला. तिथे भिंत पडते कारण पाडायचीच ठरलेली असते. त्यापेक्षा ‘द जायंट क्लॉ’ (१९५७) बघा, ह्या डब्यात नाही, पण शोधा. सगळे नट प्रतिपदार्थ, वायुदल असली गंभीर चर्चा करतात, कारण चित्रीकरण झालं तेव्हा त्यांनी राक्षसी पक्षी बघितलेलाच नव्हता. तो नंतर मेक्सिकोत करून घेतला: गिधाडाची मान, वटारलेले डोळे, टाळक्यावर केसांचा तुरा. नायक जेफ मॉरोने तो पहिल्यांदा थिएटरातच पाहिला आणि लोक हसायला लागल्यावर गुपचूप बाहेर पडला.

वुडच्या वाट्याला हसणारं थिएटरही फारसं आलं नाही. तो १९७८ साली गेला. १९८०मध्ये मेडवेड बंधूंच्या पुस्तकाने ‘प्लॅन नाइन’ला आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं आणि तेव्हापासून जग तो बघतंय. १९९४ साली त्याच्या आयुष्यावर निघालेल्या सिनेमाला दोन ऑस्कर मिळाले.

तर डबा घ्या. चौथी डिस्क नाही लावलीत तरी चालेल. तिसरी लावण्याआधी टीव्हीची चौकट बदला. सबटायटल्स बंद ठेवा. आणि दुसरीच्या वेळी खोलीत पूर्ण अंधार करा, नाहीतर तबकड्यांच्या दोऱ्या नीट दिसत नाहीत.