नॅचेझ, मिसिसिपी: हवेल्यांना तिकीट, खरं गाव फुकट

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला मित्राकडे गेलो होतो, तिथून गाडीने तीनेक तास म्हणून नॅचेझला दोन दिवस जाऊन आलो. छोटंसं गाव, नदीपासून दोनेकशे फूट उंच कड्यावर, खाली मिसिसिपी नुसती पसरलेली. संध्याकाळी कड्यावरच्या बाकावर बसून बार्ज (मालवाहू सपाट बोटी) मोजायचे, पैसे पडत नाहीत आणि डोकं शांत होतं.

पण लोक येतात हवेल्या बघायला. लाँगवूड मस्ट! आठ कोनांचं घर, वर कांद्यासारखा घुमट. हॅलर नट नावाच्या कापूसवाल्याने 1860 ला बांधायला काढलं, पुढच्या वर्षी सिव्हिल वॉर (उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांचं युद्ध) पेटलं आणि उत्तरेतल्या फिलाडेल्फियाहून आणलेले कारागीर काम टाकून घरी पळाले. प्लॅन 32 खोल्यांचा, तयार झाल्या तळघरातल्या 9, कुटुंब तिथेच राहिलं आणि नट 1864 ला गेला. वरच्या मजल्यावर अजून कच्च्या विटा आणि उघडे वासे तसेच आहेत, तिकीट तिथेच वसूल. मी यवतमाळकडचा, कापूस बघतच वाढलो, त्यामुळे मला तिथे उभं राहून आपलीच मुंबई आठवत होती, कारण ह्याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या, वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि 1865 ला युद्ध संपल्यावर सगळं आपटलं.

दुसऱ्या एका हवेलीचं (नाव नको) तिकीट मात्र पाण्यात. गाईडबाईंनी पाऊण तास झुंबरं, पडदे, चांदीचे चमचे दाखवले. मी विचारलं हे सगळं घासायचं कोण, तर म्हणाल्या "नोकरमंडळी" आणि चालल्या पुढच्या खोलीत. अहो, 1860 ला ह्या कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) शंभरातली सत्तर माणसं गुलाम होती, नोकर कुठले!

त्याचं उत्तर मिळतं फोर्क्स ऑफ द रोडला. न्यू ऑर्लिन्सनंतर त्या भागातला सगळ्यात मोठा गुलामांचा बाजार इथे, 1833 पासून 1863 पर्यंत. आता एक तिठा, थोडं गवत, माहितीचे बोर्ड आणि काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या. दहा मिनिटांत बघून होतं, पण गाडीत बसल्यावर मी आणि मित्र दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आणि प्लीज विल्यम जॉन्सनचं घर चुकवू नका. नॅशनल पार्कवाल्यांचं आहे, फुकट. हा काळा न्हावी, जन्माने गुलाम, 1820 ला अकरा वर्षांचा असताना मोकळा झाला. गोऱ्यांच्या दाढ्या करून पैसा केला, शेती घेतली आणि स्वतः गुलामही ठेवले. हे वाचून मी दोनदा बोर्ड तपासला. 1835 पासून रोज डायरी लिहायचा, गावातली भांडणं, शर्यती, उधाऱ्या सगळं त्यात. 1851 ला जमिनीच्या हद्दीवरून खून झाला (बांधाचं भांडण, आपल्याला वेगळं सांगायला नको!) आणि मारणारा सुटला, कारण साक्षीदार काळे होते आणि तो स्वतःला गोरा म्हणवत होता, गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कोर्टात चालायची नाही.

त्याआधीचा इतिहास हवा असेल तर नॅचेझ जमातीच्या जुन्या गावाची टेकाडं आहेत. फ्रेंचांनी 1716 ला किल्ला बांधला, 1729 ला ह्या लोकांनी उठाव केला, मग फ्रेंचांनी त्यांना संपवलं, उरलेले विकले किंवा पांगले. गावाला नाव मात्र त्यांचंच.

रविवारी दुपारी मेन स्ट्रीटवर चालताना बरीच दुकानं बंद दिसली, आधी वाटलं रविवार म्हणून. कॉफीवाल्या आजोबांनी सांगितलं टायरचा कारखाना होता, कागदाची मिल होती, मिल 2003 ला बंद पडली, पोरं बाहेर गेली. 1960 ला 23,791 लोक होते, 2020 च्या जनगणनेत 14,520. आजोबांची स्वतःची मुलं ह्यूस्टनला.

उन्हाळ्यात जाऊ नका, घामाने वाट लागते. खायला टमाले घ्या, मक्याच्या पिठातले, तिखट असतात. लाँगवूडला साडेचार स्टार, जॉन्सनच्या घराला पाच, त्या चमचेवाल्या हवेलीला दोन, तेही झुंबरासाठी.